कुंकवाचं बोट

ये गं, बस जवळ. फोनवर नुसतं "बरी आहे" म्हणतेस, ही काय रीत झाली?

आपला सावेडीचा कॉम्प्युटरवाला आठवतो ना? काहीही विचारा, "बघू की" म्हणतो. मेमरीला हात लावण्याआधी खिडकीचा गज धरून अंगातली वीज उतरवतो. परवा तुझ्या भावाच्या गेमच्या मशीनला नवा प्रोसेसर बसवायला आला. पोरानं किती दिवस वाट बघून घेतलेला. नवी वस्तू, म्हणून मी कुंकवाचं बोट त्यावर टेकवणार, तोच या कॉम्प्युटरवाल्यानं मधेच आपलं डोकं पुढं केलं.

"आजी, कण आत गेला तर सगळं वाया जाईल. मला लावा की."

लावलं. तसंच कुंकू मिरवत त्यानं प्रोसेसर बसवला, मशीन सुरू झालं. तेव्हा कुठं तुझा भाऊ हसला बघ.

रविवारी परत ये गं. तुम्ही दोघं खेळा, मी बघत बसते.