तिसरा मजला की तळमजला

चाळिशी उलटल्यावर मला आयुष्यातली पहिली नोकरी लागली. संस्कृतची एम.ए. पदवी कपाटात होती आणि अनोळखी माणसाशी बोलायची मला भारी भीड वाटे. नाशकातल्या एका डॉक्टरांना संधिवाताच्या रुग्णांची मोजमापे टिपायला कुणीतरी हवे होते. हे ऐंशी सालाच्या आसपासचे.

आज किती दुखते हे रुग्ण सांगतोच. दहा वर्षांनी त्याचे हातपाय कितपत चालतील हे आजच्या मोजमापांवरून कळते का, ते डॉक्टरांना पाहायचे होते. रक्तदाबाच्या पट्ट्याची गुंडाळी करून तीत थोडी हवा भरायची, रुग्णाने ती मुठीत आवळायची आणि पारा कुठवर चढला ते मी लिहायचे. मग सुजलेले सांधे पाहायचे. शेवटी प्रश्न: सकाळी बोटे किती वेळ आखडतात, नळ फिरवता येतो का, भाकरी थापता येते का.

नाशिकरोडहून पस्तिशीच्या एक बाई नियमित येत. नेटक्या आणि बोलक्या. यजमान कारखान्यात कामाला. बाईंचा पारा चांगला चढे आणि प्रत्येक प्रश्नाला उत्तर ठरलेले: "येतं की. न येऊन सांगते कुणाला?"

एकदा त्यांनीच प्रश्न विचारला. त्यांच्या सोसायटीची इमारत पुरी होत आली होती. वाट्याला तिसरा मजला आला होता आणि लिफ्ट नव्हती. तळमजल्याचे एक कुटुंब अदलाबदलीला तयार होते. उत्तर महिनाअखेर द्यायचे होते.

"वर वारं हाय, उजेड हाय. कोण कुठं झोपणार ते लेकरांनी ठरवूनसुद्धा ठेवलंय. डॉक्टर, दहा वर्षांनी मला जिने चढता येतील का, तेवढंच सांगा."

त्या बाहेर बसल्या असताना डॉक्टर मला म्हणाले, "सांधे एवढे सुजलेले आणि मूठ अशी घट्ट? एकदा सकाळी यांच्या घरी जाऊन मोजा." मी बाईंना विचारले. "या की चहाला," त्या म्हणाल्या. किती सकाळी, हे सांगण्याचे धाडस मला झाले नाही.

पहिल्या बसने मी त्यांच्या चाळीत पोहोचले. दार आतून लावलेले होते. बऱ्याच वेळाने यजमानांनी ते उघडले. त्यांचे हात मनगटापर्यंत पिठाने माखलेले होते. मागे बाई गरम पाण्याच्या पातेल्यात दोन्ही हात बुडवून बसल्या होत्या. सगळ्यांत जास्त मीच ओशाळले.

"मॅडम, आत या आणि आधी दार लावा," यजमान म्हणाले. "चाळीत कळलं तर लोक मला वहिनी म्हणतील."

"अहो, भाकरी करपली," बाई म्हणाल्या. "बघा ताई, यांची भाकरी म्हणजे नांदगाव तालुक्याचा नकाशा."

"खाताना नाय दिसत तुला नकाशा."

मी गुंडाळी बाईंच्या हातात दिली. पारा जेमतेम हलला. मग त्यांनीच सांगितले: दवाखान्याच्या दिवशी त्या गोळी घेत, हात शेकत आणि दुपारची वेळ मागून घेत. पाहुणे यायचे म्हणून घर आवरावे, तसे त्या हात आवरून येत होत्या. "आणि भाकरीचं म्हणाल, तर घरात रोज होते. हे थापतात असं दवाखान्यात सांगू?"

नवे आकडे पाहून डॉक्टरांनी त्यांना सांगितले, "आजार जोरात आहे. गुडघेही धरेल असं वाटतं. खात्री देत नाही, पण मी तळमजला घेतला असता." त्यांनी तो घेतला. मुले बरेच दिवस रुसली होती म्हणे. आम्ही तपासणी सकाळी घेऊ लागलो, आणि काल घरात भाकरी कुणी थापली, असे विचारू लागलो.

दशक सरता सरता मी त्यांच्या त्या तळमजल्याच्या घरी गेले. अंदाज निम्माच खरा ठरला होता. बोटे पार वाकली होती. गुडघे मात्र शाबूत होते. मला आणायला बाई थेट बसथांब्यापर्यंत चालत आल्या.

"तीन जिने मी आजही पळत चढेन, ताई," त्या वाटेत म्हणाल्या. "लेकरं अजून टोमणे मारतात."

"मग चुकलंच ना आमचं," मी म्हणाले.

"चला तर खरं."

दार सताड उघडे होते. यजमान दारासमोरच परातीत भाकरी थापत बसले होते. नळावर निघालेली शेजारीण थबकली. "भावजी, आमच्यापण दोन टाका."

"पीठ आणा तुमचं," ते मान वर न करता म्हणाले.

"वर गेलो असतो तर यांनी जन्मभर दार लावून घेतलं असतं," बाई म्हणाल्या. "इथं सारखी येजा. किती वेळा लावणार?"

यजमानांनी भाकरी तळहातावर घेऊन माझ्यापुढे धरली. "बघा मॅडम, हाय का कुठं नांदगाव?"

मी नीट पाहिली. भाकरी गोल होती.