ग्राफिक्स कार्ड आणायला लातूरला

नांदेडच्या बसस्थानकावर लातूरची गाडी लागली तेव्हा माझ्या मांडीवर एक मोठी, पण पूर्ण रिकामी बॅग होती. शेजारच्या आजोबांनी ती चाचपून पाहिली आणि विचारलं, “सासरला चाललाव का?” मी म्हटलं, “नाही, आम्ही मायलेकी कॉम्प्युटरचा एक भाग आणायला चाललोय.” आजोबांचा काही विश्वास बसला नाही.

कॉम्प्युटर म्हणजे फ्रिजसारखा दुकानातून उचलून आणायचा, असं मला वाटायचं. मुक्तानं, माझ्या लेकीनं, तो सुटा सुटा जमवायला घेतला तेव्हा कळलं की हे लग्नाचा बस्ता बांधण्याइतकं कटकटीचं काम आहे. प्रोसेसर, मदरबोर्ड, पॉवर सप्लाय हे सगळं नांदेडातच मिळालं. रंगीत दिव्यांचं कॅबिनेट घ्यावं की त्याच पैशात जास्त रॅम, यावर ती आठवडाभर विचार करत होती. शेवटी साधं काळं कॅबिनेट आलं. मला आपले दिवेच आवडले होते. अडलं ते ग्राफिक्स कार्डावर, म्हणजे पडद्यावरची चित्रं हलती-फिरती करणाऱ्या भागावर. तिला हवं होतं तसं कार्ड लातूरच्या एका दुकानात असल्याचं फोनवर कळलं होतं.

घाई होती. पुण्याच्या एका गेम बनवणाऱ्या कंपनीनं तिच्याकडे नमुना मागितला होता: एक गल्ली, जिच्यातून बघणाऱ्याला चालत जाता येईल. नमुना पसंत पडला तर नोकरी. आणि तिचा जुना लॅपटॉप त्या गल्लीच्या पहिल्या वळणावरच मान टाकायचा.

पण माझी काळजी वेगळीच होती. डॉक्टर व्हायचं म्हणून मुक्ता स्वतःच्या हौसेनं लातूरला क्लासला गेली होती आणि वर्ष पुरं व्हायच्या आत सुकून परत आली होती. त्यानंतर तिनं लातूरचं नाव काढलं नव्हतं.

लोहा गेलं. रस्त्याकडेला सोयाबीनच्या राशी पडल्या होत्या, तुरी कमरेएवढ्या झाल्या होत्या. अहमदपूरला गाडी थांबली तेव्हा मी सुसला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा तिखट प्रकार) घेतला. मुक्तानं दोन घास खाल्ले. पुढे क्लासच्या जाहिरातींचे फलक सुरू झाले, हसऱ्या पोरांचे फोटो आणि खाली त्यांचे मार्क. मुक्तानं डोळे मिटून घेतले. ती झोपलेली नाही हे मला कळत होतं.

लातूरला उतरून रिक्षात बसलो. मी दुकानाचा पत्ता सांगत होते, तोवर रिक्षावाल्यानं आई, लेक आणि मोठी बॅग एवढं पाहिलं आणि गाडी सोडली. थांबली ती थेट क्लासच्या गल्लीत.

“इथं कुठं आणलंत?” मी विचारलं.

“अ‍ॅडमिशनलाच आलाव ना ताई? सगळे इथंच येतेत,” तो म्हणाला. त्याच्या मते आम्हीच काहीतरी विसरलो होतो.

मी मुक्ताकडे पाहिलं. ती समोरच्या पत्र्याच्या शेडकडे बघत होती. तिथून एक बाई हात पुसत बाहेर आली. “मुक्ता न्हाई का ही? अगं, ये की आत.”

त्या मेसवाल्या सुलूमावशी. मुक्ताचं जेवण तुटलंय हे आम्हाला फोन करून त्यांनीच कळवलं होतं. आवाज ओळखीचा होता, माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. त्यांनी काही न विचारता येसर (भाजलेल्या धान्य-मसाल्याचं पीठ) घातलेली आमटी आणि भाकरी पुढे ठेवली.

“मावशी, तुम्ही फोन केला नसता तर...” मी म्हटलं.

“त्यात काय एवढं? किल्लारीकडचं आमचं गाव भूकंपात पडलं तवा मी न्हानी होते. कुठकुठची माणसं भात घेऊन आली, पण मला घास गिळंना. एक बाई, नाव बी ठाऊक न्हाई, माझ्याजवळ बसून राहिली. मी खाईपर्यंत हालली न्हाई. तवापासून कुणाचं ताट भरलेलं परत आलं की मला लगेच कळतंय.”

शेकडो पोरांच्या ताटांतून या बाईनं माझ्या लेकीचं ताट ओळखलं होतं.

दुकान पलीकडच्या चौकात होतं. दुकानदार अझरभाईंना डबा मावशींच्याच मेसमधून जायचा, म्हणून त्याही सोबत आल्या. पाटीवर ‘गेम’ हा शब्द कुठंच नव्हता. मुक्तानं कार्डाचं नाव सांगताच अझरभाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग छताकडे.

“नाही ओ मॅडम, तसलं नाही ठेवत आपण. अभ्यासाला लहान कार्ड बी लई झालं.”

“काल फोनवर आहे म्हणालात,” मुक्ता म्हणाली.

“काल होतं.”

मुक्ताचा चेहरा उतरला. लहान कार्डावर तिची गल्ली चालणार नव्हती, आणि दुसरीकडून मागवायला वेळ नव्हता. ती निमूट वळली. त्या निमूट वळण्याचीच मला धास्ती होती.

“अझर,” मावशी म्हणाल्या, “पोरीची माय सोबत आलीय. आता काय अडलंय तुझं?”

“माय सोबत आहे म्हणूनच अडलंय मावशी. पोरं अभ्यासाला म्हणून नेतेत, आठ दिवसांनी बाप खोकं आणून आपटतो. माझं पोरगं बिघडवलं म्हणतो. म्हणून पालक दिसले की मी कार्ड दाखवतच नाही.”

“मला माहीत आहे ते गेमसाठी आहे,” मी म्हटलं. “ही गेम बनवणार आहे. हिला मोठंच पाहिजे.”

मुक्ता माझ्याकडे बघतच राहिली. हे मी आजवर कुणासमोर असं म्हटलंच नव्हतं. अझरभाईंनी हसत खालच्या कपाटातून खोकं काढलं, कार्ड दुकानातल्या मशीनवर चालवून दाखवलं आणि बजावलं, “गाडीत मांडीवर घ्या. वरच्या फळीवर ठेवू नका.”

परतताना खोकं मुक्ताच्या मांडीवर होतं. चाकूरच्या पुढं तिनं आपण होऊन सांगितलं की क्लासमध्ये वह्यांच्या मागच्या पानांवर ती घरांची चित्रं काढत बसायची.

नमुना वेळेत गेला आणि पसंत पडला. ती बातमी द्यायला मी सुलूमावशींना फोन केला. कंपनी कुठली, पगार किती, त्यांनी काही विचारलं नाही.

“म्हंजी आता जेवती का नीट?”

“जेवते, मावशी,” मी म्हटलं आणि फोन मुक्ताच्या हातात दिला.