वाढत्या अंगाचं चाक

ओवी, निहार, तुमच्या आजोबांच्या सायकलचं मागचं चाक मी स्वतः गणित करून बनवून घेतलं, आणि ते ओटीवर भिंतीला टेकून उभं आहे.

झालं असं. रोह्याचे बापू, म्हणजे आजोबांचे शाळासोबती, फोनवर गरजले, "येत्या रविवारी पेणहून सायकल मारत ये, मिशी उतरवतो!" ती मिशी पन्नास वर्षांची! आजोबांनी लगेच माळ्यावरून सायकल काढली, अंगणात एक फेरी मारली, आणि मागच्या चाकाच्या गंजलेल्या तारा (तुमचे स्पोक) कडाकड तुटल्या.

रामवाडीचे सायकलवाले हमीदभाई आले. "चाकाच्या मधला हब पण गेला हाय. नवा मोठा टाकतो. पण मग जुन्या तारेचा माप चालायचा नाय. रोह्याला एक जण मापानं कापून देतो. मी अंदाजानं सांगतो त्याला."

"अंदाजानं?" मी ओरडलेच. ज्या घरात डाळीच्या डब्यावरही तारीख लिहिलेली असते, तिथे अंदाज?

मी कागद घेतला. हबचं माप कंपासपेटीतल्या पट्टीने, रिंगचा व्यास माझ्या शिवणाच्या टेपने. मग कोन, कोसाइन, वर्गमूळ. तीनदा केलं, तीनदा तेच उत्तर!

हमीदभाईंनी आकडा पाहून डोकं खाजवलं. "भाभी, अर्धा इंच जास्त वाटतो."

"हे गणित आहे हमीदभाई, यात वाटायचं काय?"

"अगं, त्यांनी जन्मभर चाकं बांधली आहेत," आजोबा कुजबुजले.

"एकदा तरी कोसाइन काढला का?"

शनिवारी चाळीस तारा आल्या. हमीदभाईंनी त्या ओवल्या, पिळल्या, आणि रिंगमधून चाळीस टोकं अर्धा अर्धा इंच वर आली. चाक कसलं, साळिंदरच!

"यावर ट्यूब चढवली तर रोहा सोडा, गल्लीच्या तोंडाला पण नाय पोचायचे! भाभी, ती टेप बघू." त्यांनी टेप उलगडली आणि पोट धरून खालीच बसले. "अवो, ही तर एकपासून सुरू होते! पहिला इंच कुठं हाय?"

पहिला इंच मीच कापला होता, फार वर्षांपूर्वी. कड उसवली होती. गबाळी दिसत होती! व्यास एक इंच जास्त, म्हणून तार अर्धा इंच लांब. (गणित अचूक होतं, याची नोंद घ्यावी.)

"आता बापूची मिशी वाचली," आजोबा पडेल आवाजात म्हणाले.

"वाचते कशी!" हमीदभाई उठले आणि स्वतःच्या सुनेची सायकल घेऊन आले. गुलाबी. पुढे टोपली, टोपलीवर प्लास्टिकची फुलं!

आजोबा त्याच सायकलवरून रोह्याला पोचले. दुपारी बापूंचा फोटो आला. मिशी नव्हती, ओळखायला दोन मिनिटं लागली.

आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ओवी, तुझे फ्रॉक, तुमच्या बाबांचे सदरे, सगळे सैल व्हायचे, आणि मी ऐटीत सांगायचे, "वाढत्या अंगाचं शिवलंय!" आजोबांचा लेंगा तर बहात्तराव्या वर्षीही वाढत्या अंगाचाच आहे!

टेप मी टाकलेली नाही. तिच्यावर सुवाच्य अक्षरात चिठ्ठी लावली आहे: 'एक इंच वजा करावा.' खाली आजोबांनी पेन्सिलीने भर घातली आहे: 'तोऱ्यातूनही.'