थांबलं तिथं ठिपका

चार बाया रोज सकाळी तलावाभोवती फिरतात म्हणजे त्यांचं बोलणं कधी संपत नसंल, असं लोकाले वाटते. खरं सांगू का? वर्षभरात संपते! सुना झाल्या, गुडघे झाले, भाजीचे भाव झाले, मग काय बोलावं? पण आमच्या हाती मोबाइलचा नकाशा लागला अन् किस्से असे साचत गेले की आता सांगाले बसली तं सुरू कुठून करू तेच समजत नाही. त्यातून ऐकणाऱ्या तिघीही आता समोर नाहीत. म्हणून तुम्हालेच सांगते.

आम्ही चौघी म्हणजे मी, कुसुम, वंदना अन् बिसेन भाभी. मी इथं मध्यप्रदेशात, बालाघाटच्या शाळेत भूगोल शिकवला, रिटायर झाली, लग्न केलं नाही, घरात एकटी. त्यामुळं सगळ्या मले मॅडमच म्हणतात, कुसुम सोडून. कुसुम माझ्याच गल्लीतली, लहानपणची. तिचे मिस्टर जंगल खात्यात होते, ते गेले तवापासून तीही एकटीच. वंदना आमच्याहून लहान. अन् बिसेन भाभी परसवाड्याकडच्या. त्यांना मराठी पुरी समजते, पण जवाब हिंदीतच देतात.

आमचा एक नेम होता. फोन करून कोणी कोणाले बोलवायचं नाही. कुसुमनं निघायचं, माझ्या फाटकाची कडी वाजवायची, मग आम्ही दोघींनी वंदनाची, मग तिघींनी भाभींची. माझ्या फाटकाशी उशीर ठरलेला! मी कुलूप लावून पायरी उतरते अन् मले शंका येते, गॅस बंद केला का? की परत कुलूप काढून आत. घरात पाहणारं दुसरं कोणी नसलं की असंच होते. कुसुम फाटकाशी उभी राहून ओरडायची, "पाह्य माय, पाह्य! सिलिंडर पळून तं नाही गेलं?"

* * *

नकाशाचं वेड लागलं ते भाभींच्या छत्रीपायी.

भाभींची छत्री हरवली. नवीकोरी, लेकीनं रायपूरहून आणलेली. भाभी शपथ घेऊन सांगत होत्या, "मैं तो कहीं गई ही नहीं! तालाब से सीधे घर!"

मी कुठंतरी वाचलं होतं की आपण कुठं जातो ते फोन आपल्यापाशी लिहून ठेवते. सेटिंगमध्ये गेलं की त्याची फाइल निघते, अन् ती एका नकाशाच्या वेबसाइटवर चढवली की पुऱ्या महिन्याच्या रेषा समोर. थांबलं तिथं ठिपका. जितकं जास्त थांबलं तितका ठिपका मोठा. मी म्हटलं, आणा भाभी तुमचा फोन!

रेषा उमटली. तलाव ते घर, सरळ. फक्त मधात एक ठिपका. चांगला टपोरा, अन् एक दिवसाचा नाही, रोजचा! कुसुमनं चष्मा वर केला, स्क्रीनजवळ गेली अन् म्हणाली, "अवं, हे तं जलेबीवाल्याचं दुकान!"

गेलो चौघी. छत्री तिथंच खिळ्याले लटकलेली. अन् दुकानदार भाभींना पाहून हसला, "अम्माजी, रोजवाला पाव किलो तौल दूँ?"

भाभींना शुगर. दर महिन्याले त्या डॉक्टरपुढं रडायच्या, इतकी चालते तरी शुगर उतरत नाही म्हणून. आम्ही तिघी त्यांच्याकडं पाहून राह्यलो. भाभींनी छत्री काखेत मारली अन् हळूच मले विचारलं, "मॅडम, ये नक्शा डॉक्टर के पास भी है क्या?"

* * *

मग रिवाजच पडला. महिना संपला की तिघी आपापले फोन घेऊन माझ्याकडं. मी चहा टाकायची, कॉम्प्युटर लावायची. एकीची रेषा लाल, एकीची हिरवी, एकीची निळी. माझ्या बैठकीत इतका गोंगाट त्याआधी कधी झाला नव्हता.

एकदा काय झालं, फोननं आमचं सकाळचं चालणं तलावाच्या मधोमध काढलं. झाडं दाट असली की फोनले कधीकधी जागा नीट सापडत नाही, रेषा सरकते. चौघी पाण्यावरून चाललेल्या! अन् खाली त्यानं आपलं डोकं लावून लिहिलं, प्रवास बोटीनं.

वंदना हसून हसून सोफ्यावरून खाली. भाभी मात्र गंभीर. बराच वेळ स्क्रीनकडं पाहिलं अन् म्हणाल्या, "तभी मैं कहूँ, वजन क्यों नहीं घट रहा! मैं तो बैठी थी!"

* * *

वंदनाचा किस्सा हसण्यासारखा सुरू झाला, पण नंतर मले हसू आलं नाही.

तिचे मिस्टर, आमचे भाऊजी, सरकारी बसवर कंडक्टर होते. बसा बंद झाल्या अन् ते घरी बसले. मग दर सोमवारी रामपायलीले रामाच्या दर्शनाले जाऊ लागले. येताना बत्ताशे. वंदना मोठ्या कौतुकानं आम्हाले वाटायची.

एक दिवस ती त्यांचा फोन घेऊन आली. "मॅडम, लावा बरं याची रेषा. माणूस देवभोळा नव्हता कधी, मले काही ठीक वाटून नाही राह्यलं."

त्यांनाही विचारलं होतं तिनं. ते म्हणाले, पाह्य, मले काय! त्यांना बिचाऱ्याले काय माहीत नकाशा काय असते.

लावली. रामपायलीकडं रेषाच नाही! घर ते बस स्टँड, बस स्टँड ते घर. अन् स्टँडवर एवढा मोठा ठिपका. वंदनाचा चेहरा उतरला. पुढच्या सोमवारी ती मागोमाग गेली. पाहते तं काय, भाऊजी कटंगीच्या गाडीच्या दाराशी उभे. हात मागं बांधलेले, आतल्या सवाऱ्या मनातल्या मनात मोजून राह्यले. गाडी प्रायव्हेट, कंडक्टर दुसराच. सगळे बसले तसे भाऊजींनी पत्र्यावर दोन थापा मारल्या, गाडी सुटली. मग ते बाकावर येऊन बसले, पुढच्या गाडीपर्यंत.

वंदना त्यांच्या बाजूले जाऊन बसली. "रामपायलीले जाता नं तुम्ही?"

भाऊजी दचकले नाहीत. म्हणाले, "निघतोच वं. पण मी नसलो तं गाडी लेट सुटते."

तेव्हापासून सोमवारी वंदना फिराले येत नाही. डबा घेऊन स्टँडवर जाते.

* * *

आता माझी रेषा. तिघींची पाहून झाल्यावर एकदा माझीही लावली.

वर्षानुवर्षं मी फळ्यावर जगाचा नकाशा काढला, डोळे मिटून काढायची. अन् माझा पुरा महिना? घरावर एक ठिपका, तलावापर्यंत एक धागा, भाजीबाजारापर्यंत दुसरा. बस! मी नकाशा लहान केला, की जिल्हा दिसावा, राज्य दिसावं. तं मीच दिसेनाशी झाली. वंदना समजूत काढाले म्हणाली, "मॅडम, तुमचा नकाशा लय साफ आहे!"

त्यात फोननं विचारलं, तुम्ही या ठिकाणी काम करता का? ठिकाण कोणतं, तं माझं घर! दिवसाही तिथंच, रात्रीही तिथंच, तं त्याले तरी काय समजणार?

मले राग आला. दुसऱ्या दिवशी कटंगीची गाडी पकडली. काम काहीच नव्हतं. बाजाराचा दिवस होता, म्हणून बाजारात फिरली, एका बाकावर बसली, किलोभर कांदे घेतले अन् परत. रेषा पाहा कशी लांब आली! मनाले बरं वाटलं.

महिन्याच्या शेवटी तिघींनी पाहिलं. भाभींनी बोट ठेवलं, "कटंगी? क्यों गए थे?"

"कांदे आणाले."

"क्यों, बालाघाट में प्याज खतम हो गया था?"

तिघी हसल्या, मीही हसली. जाताना कुसुम मात्र फाटकाशी थांबली अन् म्हणाली, "पुढच्या वेळी मले सांगजो. संगे जाऊ."

* * *

संगे जाणं काही झालं नाही. दिवाळीले तिचा मुलगा आला अन् तिले हैदराबादले घेऊन गेला. "संक्रांतीच्या आत येतो वं," असं म्हणाली. मी तिले फोनमधलं बटण दाखवून ठेवलं. म्हटलं, महिना संपला की फाइल पाठवजो, रिवाज मोडायचा नाही.

संक्रांत गेली. होळी गेली. भाभींचा गुडघा धरला, त्यांचं चालणं बंद. वंदना आता रोजच भाऊजींसोबत स्टँडवर. राहिली मी. सकाळी तयार होऊन बसते अन् कडी वाजत नाही. कुलूप लावते, गॅसची शंका येते, परत आत जाते. बाहेर येते तं फाटकाशी कोणी नाही. एवढ्या सालांत मले कधी समजलं नव्हतं की मी आत असताना कोणीतरी बाहेर उभं आहे, हे किती मोठं होतं. आता कधीकधी मी तलावावर जातच नाही.

एक दिवस कुसुमच्या मुलाचा फोन आला. "मावशी, आईच्या घराले कोणी भाडेकरू भेटला तं पाहाल का?"

मी हौ म्हटलं अन् फोन ठेवला. कुसुमले विचारलं तं तिचं ठरलेलं उत्तर, "मजेत आहे वं. इथं सगळं आहे." फोनवर ती जास्त बोलतच नाही, मुलगा-सून आजूबाजूले असतात. घर भाड्यानं जाते तं जाऊ दे. मले एकच जाणून घ्यायचं होतं. ही तिथं रमली तं रमली, पण मले विसरली का?

फाइल मात्र दर महिन्याले येत होती.

* * *

पहिल्याच महिन्यात एक गंमत दिसली. तिच्या सोसायटीत सारख्याच चार इमारती. कुसुमचा ठिपका रोज एका इमारतीवर, अन् एक दिवस चांगला दुपारभर शेजारच्या इमारतीवर! मी लगेच फोन लावला.

"अवं काय सांगू," ती हसाले लागली, "चुकून दुसऱ्याच लिफ्टनं वर गेली. माळा तोच, दारही तसंच. बेल वाजवली तं एक म्हातारी. तिले वाटलं मी तिच्याकडंच आली! हात धरून आत बसवलं, कॉफी दिली."

"कोणत्या भाषेत बोलल्या?"

"तिले तेलुगूशिवाय काही येत नाही. मले तेलुगू येत नाही."

"मग दुपारभर केलं काय?"

"गुडघे दाखवले एकमेकींले!"

खूप दिवसांनी दोघी पोट धरून हसलो. पण ती म्हातारी नंतर लेकीकडं गेली, दार बंद.

* * *

अन् मग आली या महिन्याची फाइल.

सकाळच्या रेषा पाहत होती. कुसुम आता रोज सोसायटीच्या मागच्या गल्लीत फिराले जाते. तिथं बंगले आहेत, बगीचा आहे. रेषा सोसायटीच्या फाटकातून निघते, गल्लीत शिरते, अन् एका बंगल्यासमोर थांबते. तिथं ठिपका. मग पुढं बगीच्याकडं. एक दिवस पाहिला, दोन दिवस पाहिले, पुरा महिना पाहिला. रोज तोच बंगला, रोज तेवढाच ठिपका!

मी समजली. भेटली हिले कोणीतरी. ही तिच्या फाटकाशी उभी राहते, ती बाहेर येते अन् दोघी फिराले जातात. चांगलंच झालं, एकटी नाही, असं मी स्वतःले सांगितलं. पण खोटं काहून बोलू? माझा जीव जळाला. चहा केला तो पिववला नाही. कोण असंल ती? तेलुगू असंल की हिंदी? हिच्याशी इतकं काय बोलत असंल?

शेवटी राहवलं नाही, लावला फोन. मुलगा-सून ऑफिसले गेले होते. मी सरळच विचारलं, "कुसुम, त्या बंगल्यात कोण राहते?"

"कोणत्या वं?"

"जिथं तू रोज सकाळी उभी राहते."

ती म्हणाली, "दिसते का ते नकाशात?"

"दिसते. कोण आहे ती?"

"कोणी नाही. कुलूप आहे त्या घराले. मी आली तवापासून बंदच आहे."

"मग तिथं काहून थांबते रोज?"

"अवं," ती म्हणाली, "तू गॅस पाहाले आत गेल्ती न!"