कॉम्प्युटरला घातलेला हार

ही गोष्ट मी बरीच वर्षं टाळत आलो. घरी विषय निघालाच, तर अर्धी सांगून चहा मागायचो. आज उरलेली अर्धी सांगतो.

अंबरनाथच्या एका कारखान्यात मी फिटर होतो आणि युनियनच्या कमिटीवरही. ऐंशीच्या दशकातले ते दिवस आठवले की अजून बरं वाटतं. बुवापाड्यातून आम्ही सायकलींवर घोळक्याने निघायचो. भोंगा व्हायच्या आत कँटीनमधला गोडमिट्ट चहा. सगळ्यांत मोठा सण खंडेनवमीचा. लेथ, ड्रिल, वजनकाटा, सगळं धुऊनपुसून झेंडूचे हार घालायचे. ऑफिसातल्या टायपिस्ट बाई आपल्या टाइपरायटरला हार घालायच्या. झेंडू त्यांच्या कुळगावच्या अंगणातला. त्यांचा नवरा अंथरुणाला खिळलेला होता, घर बाईंच्या पगारावर चालायचं.

नव्वदनंतर ऑफिसात कॉम्प्युटर आला. त्याला काचेची खोली, एसी, आणि बाहेर चपला काढायच्या. आम्ही त्या खोलीला देवघर म्हणायचो. कंपनी बाईंना तो शिकवायला तयार होती आणि बाई शिकायला. पण युनियनचं ठरलं होतं, आपल्यातल्या कुणी त्याला हात लावायचा नाही. गेटवर मीच भाषण ठोकलं, "साध्या माणसाला हे खूळ हवंय कशाला?" टाळ्या पडल्या.

त्या खंडेनवमीला बाईंनी कॉम्प्युटरलाही हार घातला. मी सगळ्यांदेखत तो काढला.

"बाई, हा आपली भाकरी खायला आलाय. त्याला हार घालता?"

"तो खाणारच असेल, भाऊ, तर शिकल्यावर माझी तरी वाचेल," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "नाहीतर माझ्या जागी दुसरी आणतील."

"बाईंना एसीची हवा लागली," मागून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. मीही हसलो. दुसऱ्या दिवशी बाईंनी साहेबांना नाही म्हणून सांगितलं.

इथवर मी सांगत आलो. पुढचं असं, की त्याच दिवसांत मी माझ्या मुलीला उल्हासनगरला, कॅम्प दोनमध्ये कॉम्प्युटर क्लासला घातलं होतं. पुढे हेच चालणार, हे मला चांगलं कळत होतं. क्लास एका कापडदुकानाच्या वर होता. ती सुटेपर्यंत मी दुकानात बसायचो. सिंधी शेठ पंखा माझ्याकडे वळवायचा आणि म्हणायचा, "बैठो साईं, लडकी कॉम्प्युटर सीखेगी तो तुमको कुर्सी पे बिठाएगी."

एका संध्याकाळी बाई तिथे मुलाच्या गणवेशाचं कापड घ्यायला आल्या. तेवढ्यात मुलगी जिना उतरत आली, हातात कागद.

"बाबा, आज कॉम्प्युटरवर मी माझं नाव छापलं."

बाईंनी कागद पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. मुलीला म्हणाल्या, "छान. सोडू नकोस हं मधेच." कापड पिशवीत घालून निघून गेल्या.

कारखान्यात त्यांनी एकाला जरी सांगितलं असतं, तरी मला गेटवर तोंड दाखवता आलं नसतं. त्यांनी कुणालाच सांगितलं नाही.

पुढे कॉम्प्युटर येणारी एक मुलगी बाहेरून आली. टाइपरायटर भंगारात गेले. बाईंना पॅकिंगला पाठवलं. रिटायर होईपर्यंत त्या उभ्याने खोक्यांना लेबलं चिकटवत होत्या. साध्या माणसाला कॉम्प्युटर यायला हवा का, हा प्रश्न आता कुणी विचारत नाही. माझी पेन्शनसुद्धा त्याच्यावरच अडते. मी मात्र त्या प्रश्नाची तेव्हाच दोन उत्तरं देऊन बसलो होतो, मुलीसाठी एक आणि बाईंसाठी दुसरं.

बऱ्याच वर्षांनी कुळगावला त्यांच्याकडे गेलो. वाटेत सगळं मनात जुळवलं होतं. बाईंनी चहा दिला.

"मुलगी काय करते?"

"बँकेत आहे. कॉम्प्युटरवरच."

"बरं झालं," त्या म्हणाल्या, आणि त्यांना खरंच बरं वाटलेलं दिसत होतं.

मी अंगणाकडे बघत म्हणालो, "झेंडू छान आलाय यंदा." त्यांनी पिशवीभर फुलं बांधून दिली.

आता बाई नाहीत. त्या दिवशी एवढंच म्हणायचं होतं: बाई, तुम्हाला शिकू द्यायला हवं होतं. मला ते तेव्हाही कळत होतं. माझं चुकलं.