वसुबारसेच्या दिवशी कुरणातून

दर शुक्रवारी सकाळी सुप्रभा व्हॉट्सअ‍ॅपवर त्याच चार ओळी टाकायची. ‘चार मैल. चढ फारसा नाही. फाटकं दोन. गुडघेवाल्यांनी यायला हरकत नाही.’ लीड्सच्या मराठी बायका तिच्या फिरायला जाण्याला ‘सोपी वाट’ म्हणायच्या आणि शहरापासून तासाभरावरच्या एका खोऱ्यात गाड्या भरून यायच्या. आधी मूरचं उघडं माळरान, मग ओकचं रान, मग नदीकाठ, शेवटी पबमध्ये चहा.

त्या चार ओळींत बरंच काही नसायचं. मूरवर मुद्दाम जाळलेल्या हेदरच्या झुडपांचे काळे चौकोन असायचे आणि टेकडीपलीकडून बंदुकांचे बार ऐकू यायचे. शिकारीसाठी तिथं पक्षी राखलेले असत, आणि त्या पक्ष्यांची अंडी खाणाऱ्यांसाठी ओढ्यावरच्या ओंडक्यांना सापळे लावलेले. एकदा अशा सापळ्यात मुंगसासारखं एक जनावर कमरेत दुमडून मेलेलं तिनं पाहिलं होतं. रानात कावळ्यांनी डोळे काढलेली मेंढी पडलेली असे. सुप्रभा हे सगळं बघायची आणि पुढं चालायची. बायकांना म्हणायची, “उजवीकडं बघा, धुकं काय छान आहे!”

तिला सवय होती. हाडांच्या ऑपरेशन थिएटरमध्ये तिनं एकतीस वर्षं नर्स म्हणून काढली होती. बाहेरच्यांना वाटतं, तिथं सगळं नाजूक चालतं. तिथं सुताराची हत्यारं असतात. करवत, छिन्नी, हातोडा. खुब्यात सळई ठोकताना सर्जनचा शर्ट घामानं भिजायचा, आणि पुढचा हातोडा कुठल्या वजनाचा लागणार हे सुप्रभाला त्याच्या आधी कळायचं.

तिचं स्वतःचं हाड मोडलं ते सत्त्याऐंशी साली, पुण्यात, नणंदेच्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये. लग्नाला आठ महिने झाले होते. भाजीत मीठ जास्त पडल्याचं निमित्त झालं आणि शशिधरनं तिला स्वयंपाकघरात ओढलं. ती दाराकडं पळाली, तेवढ्यात बाहेरून कडी लागली. कडी लावणारी नीना होती, शशिधरची थोरली बहीण. “नवरा-बायकोच्या भांडणात तिसऱ्यानं पडू नये,” असं ती बाहेर कुणाला तरी म्हणत होती, अगदी शांतपणे. मग तिनं रेडिओ मोठा केला. सुप्रभाचं डावं मनगट त्या दुपारी दोन ठिकाणी मोडलं. ती माहेरी गेली नाही. सासरचे सगळे म्हणाले, पोर गरीब गाय आहे.

लीड्सला आल्यावर शशिधरनं आणखी एकदाच हात उचलला. तोवर ती थिएटरमध्ये रुळली होती. ती जागची हलली नाही. म्हणाली, “तुमच्या झोपेत मी काय काय करू शकते, ते ऐकायचंय? कुठलं हाड किती जोरानं मोडतं, हे मला पाठ आहे.” त्यानंतर तीस वर्षं तो घरात पाहुण्यासारखा वागला. दोन वर्षांपूर्वी हार्ट अटॅकनं गेला. तिनं सगळं रीतसर केलं, आणि तेराव्या दिवशी बूट घालून मूरवर गेली.

यंदा दिवाळीला नीना आली. ती लंडनजवळ मेडनहेडला मुलाकडं, नकुलकडं राहायची. तो आणि त्याची बायको ऑफिसच्या कामासाठी परदेशी निघाले होते. वय अडुसष्ट, जिभेला मात्र धार होती.

“तुझ्याकडं दिवाळीचं काही करतात की नुसतं चिखलात हिंडतात?” तिनं आल्याआल्या विचारलं.

“दोन्ही करतात, वन्सं,” सुप्रभा म्हणाली.

वसुबारस शुक्रवारी होती. नीनाचा उपास होता, तरी ती निघाली. अ‍ॅनोरॅक जाकिटाच्या खिशात तिनं हळदी-कुंकवाची डबी घातली होती, हे कुणाला माहीत नव्हतं. पस्तीस वर्षं मुंबईत आणि मेडनहेडला तिनं चांदीच्या वाटाण्याएवढ्या गाय-वासराची पूजा केली होती. जिवंत गाय तिनं जवळून शेवटची लहानपणी पाहिली होती, देवळापुढं दोराला बांधलेली, कडबा चघळणारी.

मूरवर वारा कापत होता. नीना धापा टाकत म्हणाली, “सुप्रभा, ही सोपी वाट, तर अवघड कशी असते गं?”

“अवघड वाटेवर बोलायला दम उरत नाही,” मंजिरी म्हणाली. ती बँकेतून निवृत्त झालेली, ग्रुपमधली थट्टेखोर. सगळ्या हसल्या. नीनाही हसली, आणि लगेच म्हणाली, “माझा शशी होता तोवर हिचं असं भटकणं नव्हतं हो. आता कोण अडवणार?”

सुप्रभा पुढं चालत राहिली.

रान संपलं तिथं पहिलं फाटक होतं, त्यापलीकडं नदीकाठचं कुरण. कुरणात दहा-बारा तांबड्या गायी, आणि त्यांची वासरं. सुप्रभानं सगळ्यांना थांबवलं. तिचा नियम साधा होता. वासरं असली की भिंतीच्या कडेनं जायचं, एकीमागं एक, बोलायचं नाही, हात खिशात. वासरू आणि त्याची आई यांच्या मध्ये कधी यायचं नाही. ही मांसासाठी पाळलेली जनावरं होती. त्यांना माणसाचा हात वर्षातून दोनदा लागतो, एकदा सुई टोचायला आणि एकदा वासरू काढून न्यायला.

“अगंबाई, शिंगंसुद्धा नाहीत बिचाऱ्यांना,” नीना म्हणाली.

“शिंगं लागत नाहीत वन्सं. सातशे किलो वजन असतं. माझ्या मागोमाग या.”

गायी वरच्या टोकाला चरत होत्या. बायका भिंतीला धरून खालून गेल्या. सुप्रभा दुसऱ्या फाटकाशी पोचली, ते उघडून धरलं, एकेकीला बाहेर काढलं. पाच बायका निघाल्या. नीना मागं राहिली होती.

ती वाटेवर नव्हती. तीसेक पावलांवर लव्हाळ्यांत एक वासरू बसलं होतं, आईनं लपवून ठेवलेलं. नीना त्याच्यापुढं वाकली होती. बूट तिनं काढून बाजूला ठेवले होते. डबी उघडी होती, आणि कुंकवाचं बोट वासराच्या कपाळाकडं चाललं होतं.

सुप्रभानं हाक मारली. तेवढ्यात वासरू उठलं आणि ओरडलं.

गाय वरून आली. इतकं मोठं जनावर इतक्या वेगानं धावतं, हे पाहिल्याशिवाय पटत नाही. नीनानं हात जोडले. गायीनं डोकं खाली घातलं आणि तिला छातीत उचलून फेकलं. नीना पडली, आणि गाय गुडघे टेकून तिच्यावर बसली. कपाळानं तिला चिखलात रेटू लागली, कणीक मळावी तशी. कुंकू उडालं. बाकीच्या गायी गोळा होऊ लागल्या.

“फाटक लावा! त्या इकडं येतील!” मंजिरी किंचाळली.

सुप्रभानं फाटक लावलं. कडी पडल्याचा आवाज झाला. ती बाहेर होती आणि नीना आत होती.

आता पळत जायला हवं होतं, हे तिला कळत होतं. हातात चालायची काठी होती. आत जाऊ शकेल असं आणखी कुणी नव्हतं. बरगडी मोडल्याचा आवाज तिला इथवर आला. तो आवाज ती कशातूनही ओळखेल. तिनं एक श्वास घेतला. दुसरा घेतला. मंजिरी तिच्या बाहीला धरून काहीतरी म्हणत होती. सुप्रभाला आत गारवा वाटत होता, तहान भागल्यासारखा, आणि आपल्याला तो आवडतोय हेही तिला दिसत होतं. तिनं तिसरा श्वास घेतला.

मग ती फाटकावरून चढून आत गेली. का गेली, हे तिला पुढंही कधी सांगता आलं नाही.

तिनं गायीच्या नाकपुडीवर काठी हाणली. गाय हलली नाही. तिनं पुन्हा तिथंच हाणली, आणि पुन्हा. काठी मोडली. हातातला तुकडा तिनं डोळ्याखाली खुपसला. गाय उठली, नाकातून रक्त सांडत मागं सरली, वासराला शोधू लागली. ते मायेनं तिच्या पोटाखाली आलं, आणि दोघं निघाली. तरी सुप्रभा त्यांच्यामागं दहा पावलं धावली आणि पाठमोऱ्या गायीच्या फऱ्यावर हाणत राहिली. तोंडातून शिव्या येत होत्या. त्या आपल्याला येतात हे तिला ठाऊक नव्हतं.

ती वळली. नीना डोळे उघडे ठेवून पडली होती. हातात काठीचा तुकडा घेऊन सुप्रभा तिच्यापाशी उभी राहिली, आणि तिच्या हाताला अजून मारायचं होतं. मग तिनं पाहिलं की नीनाच्या छातीचा एक तुकडा उलटा हलतोय. श्वास घेताना आत, सोडताना बाहेर. बरगड्या दोन-दोन ठिकाणी सुटल्या होत्या.

तिनं तुकडा टाकला, गुडघे टेकले, दोन्ही तळवे त्या जागेवर दाबले.

“दुखतंय,” नीना पुटपुटली. “सोड.”

“सोडलं तर मराल. बारीक श्वास घ्या.”

“सोड गं.”

“गप्प बसा.”

मंजिरीनं फोन लावला होता. हेलिकॉप्टर यायला चाळीस मिनिटं लागली. तेवढा वेळ सुप्रभा हलली नाही. नीनाचे ओठ निळे पडत गेले, दोनदा डोळे फिरले, दोनदा सुप्रभानं तिला नावानं हाक मारली, नुसतं नीना म्हणून. पॅरामेडिकनं “आता आमच्याकडं द्या” म्हटलं, तेव्हा तिची बोटं उघडेनात. त्यानं ती एकेक करून सोडवली.

नीना वाचली. एकोणीस दिवस हॉस्पिटलमध्ये, त्यातले सहा व्हेंटिलेटरवर. नकुल धावत आला. त्याच्या मेडनहेडच्या घरात जिना होता आणि दिवसभर कुणी नसायचं, म्हणून डॉक्टरांनी मामीकडंच ठेवा म्हटलं. सुप्रभानं खालच्या खोलीत पलंग लावला.

फुप्फुसात पाणी साचू द्यायचं नसेल तर खोकायला लागतं, आणि मोडलेल्या बरगड्यांनी खोकणं म्हणजे आत कुणी सुरी फिरवावी तसं असतं. नीना टाळायची. सुप्रभा दर दोन तासांनी येऊन तिला उठवून बसवायची, छातीशी उशी द्यायची, तिच्यावर आपले हात दाबायची.

“खोका.”

“नंतर.”

“आत्ता.”

नीना खोकायची, रडायची, शिव्या घालायची. मग पलंगापासून दारापर्यंत चालणं. दुसऱ्या आठवड्यात दारापासून बागेच्या फाटकापर्यंत. आधार देताना सुप्रभा तिला काखेत घट्ट धरायची, जरा जास्तच घट्ट. तिथं वळ उठायचे. मंजिरी एकदा बघायला आली आणि म्हणाली, “सुप्रभाताई, जरा हळू घ्या हो, म्हातारी आहे.” सुप्रभा म्हणाली, “हळू घेतलं तर न्यूमोनिया होईल.” ते खरंच होतं.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी, उशी छातीशी धरल्यावर, नीना म्हणाली, “तू फाटक लावलंस. मी ऐकलं.”

“लावलं.”

“आणि उभी राहिलीस.”

“हो.”

“किती वेळ?”

“तीन श्वास.”

नीनानं खिडकीकडं पाहिलं. तिच्या घशात घरघर वाजत होती.

“एवढंच?” ती शेवटी म्हणाली. मग थोड्या वेळानं, “तू माझ्यावर सूड घेतेयस. हे असं रोज.”

“असेल,” सुप्रभा म्हणाली, आणि उशीवरचे हात दाबले. “खोका, वन्सं.”

नीना खोकली. घाम फुटला, डोळ्यांतून पाणी आलं, रुमालात हिरवट बेडका पडला. सुप्रभानं तो उजेडात धरून पाहिला. रक्त नव्हतं.

“अजून एकदा,” ती म्हणाली.