बिरूची गाडी पुढं जाईपर्यंत

अंगद धनगराचा पोरगा. झरीच्या शिवारात बाप आश्रुबा आणि थोरला भाऊ बिरू मेंढरं राखायचे, आणि अंगद परभणीत एका चुलत्याच्या ओसरीवर राहून शिकायचा. त्यांच्या घरात तोवर कुणी शाळेची पायरी चढलं नव्हतं. निजामाचं राज्य, म्हणून शाळेत सगळा कारभार उर्दूत. गणिताला रियाजी म्हणायचं, इतिहासाला तारीख. सुट्टीत तो मोठ्यानं घोकायला बसला की आई अंबाबाई कौतुकानं बघत राहायची. पोरगं पाढे म्हणतंय की मंत्र, तिला काही उमगायचं नाही.

अठ्ठेचाळीस साली तो मॅट्रिकला बसला. रझाकारांच्या धास्तीनं गावंच्या गावं निजामाच्या हद्दीपलीकडं वऱ्हाडात निघाली होती. रानात लपलेल्या स्टेट काँग्रेसच्या पोरांना बिरू भाकरी पोचवायचा, आणि कुणीतरी त्याचं नाव पोलिसांना सांगितलं होतं.

शेवटचा पर्चा, म्हणजे पेपर, रियाजीचा. त्या दिवशी सकाळीच बिरू चुलत्याच्या परसात येऊन उभा राहिला. डोक्याला मुंडासं, अंगावर हमालाचे कपडे.

"दुपारच्या गाडीनं पूर्णेला जायलोय," तो दबक्या आवाजात म्हणाला. "तितं गाडी बदलायची, हिंगोलीला उतरायचं, अन् मंग पायी वाशीम. माय-बाप मेंढरं घिऊन म्होरं गेलेत. तू पर्चा दे अन् मागून ये."

"मी आताच येतो की."

"न्हाई. इतकी वर्सं माय उपाशी ऱ्हायली ती काय ह्याच्यासाठी? पर्चा दे."

एवढं बोलून तो कुंपणावरून पलीकडं उतरला.

पर्चा सुरू होऊन थोडाच वेळ झाला होता. दाराशी जमादार येऊन उभा राहिला. मागं दोन शिपाई. वर्गावर मुर्तुजा साहेब होते. रियाजी तेच शिकवायचे. कडक माणूस, कधी कुणाच्या पाठीवर हात ठेवणार नाही.

"झरीचा अंगद आश्रुबा कोण हाय?" जमादारानं विचारलं. "त्याचा भाऊ पायजे आमाला. ह्याला ठावं असणार."

अंगदच्या हातातला टाक थांबला.

मुर्तुजा साहेब दारात गेले. "पर्चा सरकारी आहे, जमादार साहेब. घंटा होईपर्यंत आतला माणूस बाहेर जायचा नाही, बाहेरचा आत यायचा नाही. हुकूम आणा, मग घेऊन जा."

जमादार रागानं बघत राहिला. पण सरकारी शब्दाला तोही भीत होता. त्यानं शिपायांना खिडक्यांखाली बसवलं आणि स्वतः दारात स्टूल टाकलं.

अंगदनं पुन्हा लिहायला घेतलं. आकडे वाकडे पडत होते. माराची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती दुसरी होती. मार सुरू झाला की आपण गप्प राहू का, हे त्याचं त्यालाच माहीत नव्हतं. नुसतं 'पूर्णा' म्हटलं तरी इथून टेशनावर तार जाईल आणि बिरूला गाडी बदलतानाच धरतील. म्हणजे या बाकावर जितका वेळ निघेल तितका बिरूचा.

शेवटचं गणित सुटलं तेव्हा पोरं एकेक करून उठायला लागली होती. अंगद उठला नाही. सोडवलेलं पहिलं गणित त्यानं पुन्हा मांडलं. मग दुसरं. कागद संपला तसा हात वर केला.

मुर्तुजा साहेब जवळ आले. त्यांनी कागदावर नजर टाकली. तीच गणितं, तीच उत्तरं. साहेबांनी आणखी एक कागद समोर ठेवला आणि ते पुढं गेले.

टेशनाकडून गाडीची शिटी आली. जमादारानं तिकडं मानही वळवली नाही. अंगद लिहीत राहिला.

घंटा झाली. जमादार उठला तसे साहेब म्हणाले, "ठहरो. कागद मोजून बांधायचेत. तोवर हा उमेदवार माझ्या ताब्यात." त्यांनी सगळे कागद मोजले. मग चूक झाल्यासारखं करून पुन्हा मोजले. गठ्ठ्याला दोरी बांधली, लाख वितळवली, मोहोर उठवली. जमादार दात खात उभा होता.

शेवटी अंगद बाहेर आला. त्या शाळेतून तो निघाला तो असा, दोन शिपायांच्या मधून.

चावडीवर नेऊन काठ्या सुरू झाल्या तेव्हा तो ओरडला, "पोखर्णीला! नरसिंहाच्या देवळात हाय!" शिपाई पोखर्णीला धावले. ते हात हलवत परत आले तेव्हा दिवस कलला होता, आणि बिरू हिंगोलीच्या गाडीत बसून कधीच पुढं गेला होता. त्या खोटेपणाचा मार अंगदला वेगळा बसला, आणि वर तुरुंग. डाव्या कानानं त्याला पुढं जन्मभर कमी ऐकू आलं.

भादव्यात हिंदी फौजा आल्या आणि तो तुरुंगातून सुटला. दाखला आणायला शाळेत गेला तेव्हा कारकून म्हणाला, "पास झालास. रियाजीत लय चांगले मार्क हायत." अंगदनं विचारलं, "मुर्तुजा साहेब कुठं असतात?" कारकुनानं आवाज खाली आणला. "टेशनावर. बायको-पोरी घिऊन हैद्राबादला निघालेत. वातावरण बरं न्हाई, बाबा. लोक उलटं उट्टं काढायलेत."

अंगद दाखला न घेताच धावला. फलाटाच्या टोकाला साहेब ट्रंकेवर बसले होते, पाठीमागं बुरख्यातली बायको आणि दोन मुली. काठ्या घेतलेलं टोळकं त्यांच्याकडं सरकत होतं. अंगद मधे जाऊन उभा राहिला.

"कोन रं तू?" त्यातला एक जण म्हणाला.

"झरीचा अंगद. कालपरवा तुरुंगातून सुटलोय. हे माझे मास्तर हायत. ह्यांना हात लावायचा तर आधी मला लावा."

पोरं थबकली. कुणीतरी त्याला ओळखलं. कुजबुज झाली, काठ्या खाली आल्या, पण पोरं तिथून हलली नाहीत. गाडी आली तसा अंगद साहेबांसोबत डब्यात चढला आणि दाराला पाठ लावून उभा राहिला. पूर्णा गेलं, नांदेड गेलं. प्रत्येक टेशनावर कुणी ना कुणी आत डोकावायचं आणि तो तेच उत्तर द्यायचा.

धाकटी पोर भुकेनं रडायला लागली. साहेबांनी ट्रंक उघडून रोटी काढली, अर्धी तिला दिली आणि अर्धी अंगदपुढं धरली.

"खा," ते म्हणाले. "हैद्राबाद लांब आहे."